डिस्क भरली, बिल अडलं: एका बेवारस रेप्लिकेशन स्लॉटचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी दूध संघातलं हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत आणि आकडे ढोबळ ठेवले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी प्रमाण खरं आहे.

गावोगावच्या संस्थांमध्ये सकाळ-संध्याकाळ दूध संकलन होतं. लिटर, फॅट आणि एसएनएफची (दुधातल्या फॅट सोडून इतर घन भागाची) नोंद तिथल्या संगणकावर होते, उत्पादकाच्या हातात पावती पडते आणि नोंदी मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर जातात. दर दहा दिवसांनी बिल निघतं. पशुखाद्य, उचल, संस्थेची येणी अशा कपाती वजा होतात आणि रकमेची यादी बँकेला जाते. म्हणजे महिन्यातल्या तीन रात्री डेटाबेसवर खरा ताण असतो: १०, २० आणि महिनाअखेर.

डेटाबेस पोस्टग्रेस, आवृत्ती १४. मुख्य सर्व्हरला ५०० जीबीची एकच डिस्क आणि तिच्यावरच सगळं: सुमारे १८० जीबी डेटा आणि वॉल फायलीही. वॉल म्हणजे राइट-अहेड लॉग. प्रत्येक बदल आधी तिथे लिहिला जातो, मग सावकाश टेबलांच्या फायलींत उतरतो. १६ एमबीची एक फाइल, अशी रांग लागत जाते आणि गरज संपली की चेकपॉइंटच्या वेळी, म्हणजे साठलेले बदल टेबलांत उतरवून झाल्याची खूण केली जाते तेव्हा, जुन्या फायली काढल्या जातात किंवा नाव बदलून पुन्हा वापरात येतात. दुसऱ्या गावी एक स्टँडबाय सर्व्हर होता. मुख्य सर्व्हरकडून वॉल ओढून तो स्वतःची प्रत ताजी ठेवत असे.

हा स्टँडबाय नवा होता. घटनेच्या पाच आठवडे आधी जुन्या मशीनच्या जागी तो बसवला होता. काम व्यवस्थित झालं होतं, दोन दिवस नजर ठेवून सगळ्यांनी मान्यताही दिली होती. जुनं मशीन बंद करून हार्डवेअर विभागाच्या ताब्यात दिलं गेलं.

बिलाच्या रात्री

१० तारखेच्या रात्री बिलाचा प्रोग्राम लागला. पहाटे पावणेपाचला रात्रपाळीच्या ऑपरेटरचा फोन: "सर, डेटाबेस पडलाय. चालू केला की दोन मिनिटांत परत पडतोय."

लॉगमध्ये कारण स्वच्छ लिहिलेलं होतं: पॅनिक, पीजी_वॉलमध्ये फाइल लिहिता येत नाही, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. डिस्क १०० टक्के भरलेली. त्यात पीजी_वॉल या एका फोल्डरमध्ये अठरा हजारांवर फायली, सुमारे २८५ जीबी.

पोस्टग्रेस इथे बिघडलेलं नव्हतं, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. वॉल लिहिता येत नसेल तर कुठलाही बदल पक्का झाल्याचं वचन देता येत नाही, आणि वचन देता येत नसेल तर थांबणं हेच बरोबर. त्या क्षणापर्यंत कमिट झालेलं, म्हणजे पक्कं झालेलं, सगळं डिस्कवर शाबूत होतं. धोका पुढच्या तासाभरात कोण काय करतं त्यात होता.

पहिला निर्णय: हात आवरणे

फोनवरच दोन गोष्टी सांगितल्या. दर पाच मिनिटांनी सेवा बंद दिसली की ती आपोआप चालू करणारी एक स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) होती, ती आधी बंद करायची. एकीकडे आपण काम करतोय आणि मागून कोणीतरी सर्व्हर उठवतंय, हे परवडणारं नव्हतं. आणि पीजी_वॉलमधली एकही फाइल पुसायची नाही.

दुसरी सूचना वेळेवर पोचली. कारण दरम्यान बिलाचं सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने सल्ला दिलाच होता: "ते लॉगच आहेत, फोल्डर रिकामं करा आणि पीजी_रीसेटवॉल मारा, सुरू होईल." ही आज्ञा वॉल टाकून देऊन नव्याने सुरुवात करते. सुरू होईल हे खरं. पण शेवटच्या चेकपॉइंटनंतरचे जे बदल अजून टेबलांत उतरलेले नाहीत, ते फक्त वॉलमध्ये असतात. ते गेले की टेबलाची काही पानं नव्या बदलाची, काही जुन्या, इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्याची सूची) एक सांगतोय आणि टेबल दुसरं, अशी खिचडी होते. ती लगेच दिसतही नाही. दोन बिलांनंतर एखाद्या उत्पादकाची कपात दोनदा पडते तेव्हा कळतं. हे फोल्डर पूर्वी पीजी_एक्सलॉग नावाने होतं. 'लॉग' दिसलं की लोक पुसायचे, म्हणून आवृत्ती १० मध्ये नाव बदलून पीजी_वॉल केलं गेलं. नाव बदललं, सवय अजून आहे.

घाई किती आहे?

सकाळचं संकलन सहाला सुरू होणार होतं. त्यामुळे सगळ्यांच्या बोलण्यात एकच धसका: "दूध आलं तर?" इथे तांत्रिक उत्तर शोधण्याआधी संकलन विभागाच्या साहेबांना उठवलं, आणि पुढचं सगळं सोपं झालं ते त्यांच्या एका वाक्याने. "अहो, लाइन गेली तरी केंद्रावर पावती निघतेच की. नोंदी तिथल्या कॉम्प्युटरवर राहतात, लाइन आली की वर जातात. दुपारपर्यंत काही अडत नाही. बिलाचं मात्र बघा, बँकेला यादी आजच द्यायचीय."

म्हणजे हातात एक तास नव्हता, पाच-सहा तास होते. ही माहिती त्या पहाटे एकाही संगणकवाल्याकडे नव्हती. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात किमती फोन हाच. यानंतर झटपट पण उलटवता न येणारे उपाय आपोआप बाजूला पडले.

समोर असलेले पर्याय

फोल्डर रिकामं करून रीसेट करण्याचा पर्याय वर आलाच. तो कायमचा बाद.

डिस्क वाढवणं हा सरळ उपाय. सर्व्हर व्हर्च्युअल होता, त्यामुळे शक्यही होतं. पण स्टोरेजचे अधिकार ज्यांच्याकडे ते दहाला येणार आणि फोन उचलत नव्हते.

स्टँडबायला मुख्य करणं. त्याच्या डिस्कवर भरपूर जागा होती आणि तो काही सेकंदांच्या अंतराने मागे होता. अडचणी दोन. रेप्लिकेशन, म्हणजे स्टँडबायकडे प्रत पाठवणं, असिंक्रोनस होतं: मुख्य सर्व्हर त्याच्या पोचपावतीसाठी थांबत नाही. म्हणून शेवटचे काही व्यवहार त्याच्याकडे पोचले नसण्याची शक्यता, आणि तेही नेमके बिलाच्या मधले. शिवाय केंद्रांवरच्या प्रोग्राममध्ये सर्व्हरचा पत्ता नावाने नाही, थेट आयपी आकड्याने घातलेला. शेकडो ठिकाणी तो बदलायचा कोणी? हा पर्याय राखीव ठेवला आणि तसं सगळ्यांना सांगितलं: नऊपर्यंत मुख्य सर्व्हर उभा राहिला नाही तर स्टँडबाय, आणि त्या वेळी मुख्य सर्व्हरची नेटवर्क केबल आधी काढायची. दोन्ही सर्व्हर स्वतःला मुख्य समजून नोंदी घ्यायला लागले, तर त्या परत जुळवणं हे डिस्क भरण्यापेक्षा मोठं संकट.

चौथा पर्याय, जुन्या वॉल फायली दुसऱ्या डिस्कवर हलवणं. पुसणं नाही, हलवणं. पीजी_कंट्रोलडेटा हे साधन बंद डेटाबेसवरही चालतं आणि रिकव्हरी कुठल्या फाइलपासून सुरू होणार ते सांगतं. त्याआधीच्या फायली क्रॅश रिकव्हरीला, म्हणजे पडल्यानंतर वॉल वाचून सावरण्याला, लागत नाहीत. हे शास्त्रशुद्ध आहे, पण पहाटे पाच वाजता चोवीस अंकी-अक्षरी नावांच्या अठरा हजार फायलींतून रेघ मारायची म्हणजे चुकीला जागा आली.

पाचवा पर्याय फार जणांना आठवत नाही. लिनक्सची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम बनवताना मुळात ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकारी युजरसाठी, राखून ठेवली जाते. पोस्टग्रेस स्वतःच्या साध्या युजरखाली चालतं, त्यामुळे ही जागा त्याला दिसतच नाही. ५०० जीबीवर ५ टक्के म्हणजे २५ जीबी. ट्यूनटूएफएस या आज्ञेने राखीव प्रमाण चालू डिस्कवर कमी करता येतं, डेटाला हात लागत नाही आणि नंतर ते पूर्ववत करता येतं.

हाच निवडला. राखीव जागा ५ वरून १ टक्का केली. २० जीबी मोकळे झाले.

पण भरलं कशाने?

सर्व्हर उठवण्याआधी हे कळायला हवं होतं, नाहीतर बिलाचा प्रोग्राम ते २० जीबीही खाऊन टाकणार. वॉल साठून राहण्याची नेहमीची कारणं मोजकी: आर्काइव्हची (वॉलची प्रत दुसरीकडे जपून ठेवण्याची) आज्ञा फेल होत असणं, वॉल राखून ठेवण्याची सेटिंग भरमसाट असणं, किंवा रेप्लिकेशन स्लॉट. इथे आर्काइव्ह चालू नव्हतं आणि सेटिंग माफक होती. उरला स्लॉट.

स्लॉटची सोय २०१४ मध्ये आवृत्ती ९.४ पासून आली. स्टँडबाय काही काळ बंद पडला तरी त्याला लागणारी वॉल मुख्य सर्व्हरने पुसू नये, यासाठीची ती नोंद. स्टँडबायने किती उचललं याची खूण स्लॉटमध्ये राहते आणि त्या खुणेपुढची एकही फाइल सर्व्हर काढत नाही. घर सोडून गेलेल्या भाडेकरूच्या नावाने दारात रोज पेपर पडत राहावेत तसं हे: वाचणारा परत येणार की नाही, हे पेपरवाल्याला माहीत नाही.

डेटाबेस बंद असताना स्लॉटचा व्ह्यू, म्हणजे स्लॉटची स्थिती दाखवणारा तक्ता, बघता येत नाही. पण डेटा फोल्डरमध्ये पीजी_रेपस्लॉट नावाचं फोल्डर असतं आणि प्रत्येक स्लॉटचं त्यात एक उपफोल्डर. तिथे दोन नावं दिसली: 'स्टँडबाय_१' आणि 'स्टँडबाय_नवा'. पहिल्यातल्या स्टेट फाइलची शेवटची वेळ पाच आठवड्यांपूर्वीची, दुसरीची त्याच पहाटेची. हा पक्का पुरावा नव्हे, पण बोट बरोबर ठिकाणी गेलं.

उभा करणे आणि स्लॉट काढणे

अॅप्लिकेशन सर्व्हर बंद केला. डेटाबेसला कोण जोडू शकतं ते ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलमध्ये फक्त दोन वाटा उघड्या ठेवल्या: सर्व्हरवरूनच येणारी आणि रेप्लिकेशनची. केंद्रांना दार बंद. मग पोस्टग्रेस चालू केलं. रिकव्हरी सुरू झाली, काही मिनिटं लॉग सरकत राहिला आणि डेटाबेस कनेक्शन घ्यायला तयार झाला. सहा वाजून गेले होते.

पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स व्ह्यूमध्ये दोन ओळी. 'स्टँडबाय_१' निष्क्रिय, आणि त्याच्या खुणेपासून आत्तापर्यंतचं अंतर २८५ जीबीच्या आसपास. 'स्टँडबाय_नवा' सुरुवातीला निष्क्रियच दिसला आणि काही सेकंदांत सक्रिय झाला. इथे थांबलो ते महत्त्वाचं. सर्व्हर नुकताच उठलेला असताना सगळेच स्लॉट क्षणभर निष्क्रिय दिसतात. त्या क्षणी 'निष्क्रिय असतील ते काढा' अशी तयार क्वेरी चालवली असती तर चांगला स्लॉटही गेला असता आणि स्टँडबाय कदाचित नव्याने बांधावा लागला असता.

तरीही काढण्याआधी एक खात्री बाकी होती. जुनं मशीन कुठे आहे? नावात '१' आहे म्हणजे ते जुनंच, हा तर्क झाला. हार्डवेअर विभागातल्या दादांना फोन लावला. "तो होय? तो वजनकाट्याच्या खोलीत लावलाय. विंडोज टाकून महिना झाला." प्रश्न मिटला.

पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट ही स्लॉट काढण्याची आज्ञा दिली, मग चेकपॉइंट. पीजी_वॉलचा आकार बघता बघता २८५ जीबीवरून एक आकडी जीबीवर आला. अॅप्लिकेशन सर्व्हर चालू केला, केंद्रांचं दार उघडलं आणि अडलेल्या नोंदी वर यायला लागल्या. सात वाजण्याच्या सुमाराला संकलनाचा पडदा पुन्हा हलता झाला.

बिलाचा गुंता

बिलाचा प्रोग्राम परत लावायची घाई लेखा विभागाला होती. तिथे अडवावं लागलं. अर्धवट राहिलेला व्यवहार रिकव्हरीत आपोआप मागे घेतला जातो, हे सगळ्यांना पाठ. पण हा प्रोग्राम अख्खं बिल एका व्यवहारात करत नव्हता. एक संस्था झाली की कमिट, मग पुढची. त्यामुळे पडण्याआधी झालेल्या संस्थांची बिलं पक्की होती आणि त्यांच्या कपाती उचलीच्या खात्यातून वजाही झालेल्या होत्या. डेटाबेसच्या दृष्टीने ते सगळं शंभर टक्के सुसंगत. प्रोग्राम पहिल्यापासून लावला असता तर त्याच संस्थांच्या कपाती पुन्हा पडल्या असत्या, कारण 'याचं बिल झालंय का' हे तो विचारत नव्हता.

दोन वाटा होत्या: उरलेल्या संस्थांपुरतंच बिल चालवायचं, किंवा त्या दहा दिवसांचं झालेलं सगळं बिल रद्द करून नव्याने. पहिली वेगवान होती, पण ज्या संस्थेवर प्रोग्राम पडला तिची अवस्था हाताने तपासावी लागणार होती. लेखापाल मॅडमनी दुसरी निवडली. सॉफ्टवेअरमधली 'बिल रद्द' सोय वापरली, उचल खात्याच्या शिल्लक रकमा ९ तारखेच्या छापील यादीशी पडताळल्या, आणि जुळल्यावर दुपारी बिल पुन्हा लावलं. यादी बँकेला संध्याकाळच्या आत गेली. उत्पादकांच्या खात्यात पैसे एक दिवस उशिरा पडले.

पाच आठवडे आधीची खूण

नंतरच्या तपासात एक गोष्ट निघाली ती मला या प्रकरणात सगळ्यात बोलकी वाटते. मधल्या तीनही बिलांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला होता आणि लेखा विभागाने तक्रारही केली होती. तेव्हा 'डेटा वाढलाय, इंडेक्स बघायला हवेत' असं उत्तर देऊन एक इंडेक्स वाढवलाही गेला. फरक पडला नाही.

कारण त्याच स्लॉटमध्ये होतं. जुन्या स्टँडबायवर अहवालांच्या क्वेरी चालत असत, म्हणून त्यावर हॉट_स्टँडबाय_फीडबॅक ही सेटिंग चालू होती. तो मुख्य सर्व्हरला सांगत असे की अमुक व्यवहारानंतर मेलेल्या ओळी (बदललेल्या किंवा पुसलेल्या ओळींच्या जुन्या प्रती) अजून साफ करू नकोस, माझ्याकडे कोणीतरी त्या वाचतंय. ही खूण स्लॉटच्या एक्समिन रकान्यात राहते, आणि मशीन कायमचं गेलं तरी तिथेच राहते. म्हणजे पाच आठवडे ऑटोव्हॅक्युम, मेलेल्या ओळींची आपोआप सफाई करणारं काम, येत होतं, टेबलं चाळत होतं आणि नवी मेलेली एकही ओळ साफ न करता परत जात होतं. उचल खात्याचं टेबल रोज अपडेट होणारं. ते फुगत गेलं आणि प्रत्येक बिलाला जास्त पानं वाचावी लागत गेली.

स्लॉट निघाल्यावर त्या दिवशी ऑटोव्हॅक्युमने डिस्कला चांगलंच कामाला लावलं. टेबलाच्या फायलींचा आकार त्याने कमी झाला नाही, कारण साधं व्हॅक्युम मोकळी झालेली जागा बहुतेक वेळा टेबलातच पुढच्या नोंदींसाठी ठेवतं. ती जागा वापरली जाईलच, म्हणून व्हॅक्युम फुल करून (टेबल नव्याने लिहून) टेबल लॉक करण्याच्या भानगडीत पडलो नाही. पुढचं बिल पूर्वीच्या वेळेत निघालं.

सूचना देणारी यंत्रणा होती का? होती. डिस्क ८० टक्क्यांच्या वर गेली की मेल. पण बिलाच्या रात्री तात्पुरत्या फायलींमुळे डिस्क एरवीही वर जायची आणि सकाळी खाली यायची. तो मेल सगळ्यांच्या लेखी 'बिलाचा मेल' झाला होता. या वेळी डिस्क खाली आलीच नाही, आणि यंत्रणा फक्त रेघ ओलांडल्यावर एकदाच बोलत असे.

काय बदललं, काय वेगळं करता आलं असतं

स्लॉटसाठी जास्तीत जास्त किती वॉल राखायची ते ठरवणारी मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ ही सेटिंग आवृत्ती १३ पासून आहे, पण तिची मूळ किंमत उणे एक, म्हणजे मर्यादा नाही. ती ६० जीबी केली. यावर वाद झाला आणि तो रास्त होता. मर्यादा घातली की स्टँडबाय बरेच दिवस बंद राहिल्यास त्याचा स्लॉट बाद होतो आणि त्याला नव्याने बेसबॅकअप (मुख्य सर्व्हरची पूर्ण प्रत) घेऊन उभं करावं लागतं. संघाचं म्हणणं स्पष्ट होतं: स्टँडबाय परत बांधू, मुख्य सर्व्हर पडायला नको. जिथे एकही कमिट हरवून चालणार नाही आणि स्टँडबाय हाच जीव की प्राण आहे, तिथे उत्तर उलट येऊ शकतं. २०२५ मध्ये आलेल्या आवृत्ती १८ मध्ये ठरावीक वेळ निष्क्रिय राहिलेला स्लॉट बाद करणारी सेटिंगही आली आहे. अपग्रेडच्या यादीत ते एक कारण जोडलं गेलं.

नजर आता टक्क्यांवर नाही. निष्क्रिय स्लॉट एक तासाहून जास्त दिसला की फोनवर संदेश, आणि तो मिटेपर्यंत पुन्हा पुन्हा. स्लॉटच्या नावात मशीनचं नाव. मशीन निवृत्त करण्याच्या कागदावर शेवटची ओळ: मुख्य सर्व्हरवरचा स्लॉट काढला, सही. राखीव जागा परत ५ टक्के केली, कारण पुढच्या वेळी तीच लागेल.

वॉलसाठी वेगळी डिस्क घ्यावी का, यावर माझं मत बहुतेकांपेक्षा कमी उत्साही आहे. वेग आणि मोजमापासाठी ती चांगली, पण मर्यादा नसलेला स्लॉट तीही भरतो, आणि वॉलची डिस्क भरली तरी पॅनिक तोच.

खरा उरलेला प्रश्न स्टँडबायचा. त्या पहाटे तो तयार होता, ताजा होता, आणि तरीही कोणालाही तो वापरावासा वाटला नाही, कारण केंद्रांचे पत्ते आकड्यांत बांधलेले होते आणि बदलीचा सराव कधी झालेला नव्हता. केंद्रांवर आता आयपीऐवजी नाव घातलं जातंय. दुर्गम गावांतल्या संस्थांकडे माणूस पाठवावा लागतो, त्यामुळे काम संथ आहे. ते उरकलं की बिल नसलेल्या एका दुपारी मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करून स्टँडबायवर संकलन चालवून बघायचं, असं संचालकांच्या बैठकीत मंजूर झालंय. तारीख अजून ठरायची आहे.